बेसवर कोण होतं

मणेरला फटाके सहन होत नसत,
म्हणून त्या पिचरचं नाव आम्ही ठेवलं दिवाळी.
पिवळट कार्ड. दोन फाशांची छत्तीस घरं,
त्यातल्या पाचांत होमरन.
पाच!
मी म्हटलं, अरे, हा पिचर आहे का पंगतीतला वाढपी?

खेळ आला क्लीव्हलंडहून,
त्याच्या मेव्हण्याच्या बॅगेत, दोन जीन्सच्या घडीत.
बेसबॉल आम्ही दोघांनीही कधी पाहिला नव्हता,
अजून नाही.
नियमांची पुस्तिका कँटीनमध्ये वाचली तीन आठवडे,
नव्या लेथचं मॅन्युअल वाचावं तशी,
आणि बिबवेवाडीत, माझ्या फोल्डिंगच्या टेबलावर,
दर रविवारी हंगाम सुरू.

आकुर्डीला आम्ही तपासणी विभागात.
हजार बेअरिंगांतली पन्नास उचलायची,
दोन वाईट निघाली की अख्खी खेप परत.
मला वाटे, पिचर म्हणजे तरी काय, खेपच.
छत्तिसात पाच? परत पाठवा.
माझा भरवसा कारकुनावर:
होमरन एकच, सहा-सहाला,
बाकी घरंगळते चेंडू आणि वर सात फुकट बेस.
रंग नाही, तिखट नाही,
उपासाची भगर.

मणेरची वही दुधाच्या हिशेबाची, लांबट.
तीत दोन हंगामांचं एकेक होमरन, तारखेसकट.
"दिवाळीने दिली एकतीस.
त्यातली बावीस बेस रिकामे असताना.
फुकट तो कुणालाच सोडत नाही ना!
तुझा कारकून आधी दोघांना सतरंजीवर बसवतो,
पाणी विचारतो,
मग देतो.
किती दिले ते नको विचारूस,
बेसवर कोण होतं ते विचार."

तीन रात्री मी कॅलक्युलेटरवर पडताळून पाहिलं.
त्याचं बरोबर होतं.
त्याला सांगितलं नाही.

मग एका फेब्रुवारीत पाकिटं वाटली.
मला एक, त्याला एक.
तोच मजकूर, तीच सही,
स्वेच्छानिवृत्तीतली स्वेच्छा ठळक टायपात.
माझं घर फिटलेलं, बायको शाळेत नोकरीला,
आम्ही दोघंच.
त्याच्याकडे पहिल्या बेसवर शमाची इंजिनिअरिंगची फी,
दुसऱ्यावर कोंढव्याच्या फ्लॅटचा हप्ता,
तिसऱ्यावर अम्मीचं डायलिसिस,
आठवड्याला दोनदा.

त्या रविवारीही तो आला. वही घेऊन.
नववी इनिंग, त्याचा दिवाळी टेकडीवर,
माझे दोन बारीक फटके, त्याच्या शॉर्टस्टॉपची एक चूक,
तिन्ही बेस भरले.
फासे माझ्या हातात.
लाल थांबला तीनवर.
पांढरा टेबलावरून उडाला, फरशीवर टकटकला,
लोखंडी कपाटाखाली गेला.
तीन-तीनला दिवाळी फुटते,
हे त्याला पाठ, मला पाठ.
मी बॅटरी आणायला उठलो.
"राहू दे," तो म्हणाला,
आणि कार्डं गोळा करायला लागला,
एकेक, कोपरे सरळ करत.

कपाट अजून तिथेच आहे.
रंगारी दोनदा येऊन गेले,
त्यांना म्हटलं, मागची भिंत राहू दे तशीच.

मणेर आता शाळेची व्हॅन चालवतो.
रविवारी कधी येतो, कधी दमून झोपतो.
पांढऱ्याच्या जागी त्याने आणलाय ल्युडोचा फासा,
हिरवा, वजनाला हलका.
मी गुपचूप सहाशे वेळा टाकून पाहिला:
सहा पडला एकशे अठरा वेळा.
शंभर पडायला हवा होता.

दिवाळीच्या कार्डावर सहाच्या घरात होमरन नाही.
कारकुनाचं आहे,
तेवढं एकच.

खेप परत पाठवण्याजोगी आहे.
मी सही करून ठेवली, पास,
आणि कारकुनाला टेकडीवर चढवला.